तिसावं मशीन

मारतहळ्ळीच्या एका कंपनीनं उन्हाळ्याच्या तोंडावर आपले जुने कॉम्प्युटर मोडीत काढले आणि त्यातले छत्तीस टेंपोतून यशवंतपुरात तुंगाबाईंच्या दारात उतरले. त्याच सकाळी पाण्याचा टँकर यायचा होता. तो आला नाही. बोअर महिन्यापूर्वीच कोरडी पडली होती. घरात दोन घागरी पाणी आणि दारात छत्तीस मशीनांची धूळ, असा तो दिवस उगवला.

"पाण्याविना धुणार कसं हे सगळं?" त्यांचे यजमान मुकुंदराव खुर्चीतून म्हणाले.

"याला पाणी लागत नाही. अंघोळ तुमची राहील, यांची होईल," असं म्हणून तुंगाबाईंनी पदर खोचला आणि त्या पायरीवर बसल्या.

बासष्टाव्या वर्षी त्या हे काम शिकल्या होत्या. मशीन आडवं घालायचं, बाजूचं झाकण काढायचं, स्क्रू बॉबिनच्या जुन्या डब्यात टाकायचे. मग ब्रशनं धूळ लोटायची. कंपनीतली धूळ करडी असते, कापसासारखी चिकटून बसते, पंख्याच्या पात्यांत तर तिची वातच होते. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. मधल्या चिपवरची वाळकी पेस्ट खरवडून नवी लावायची, वाटाण्याएवढी, जास्त नाही. पस्तीस वर्षं काजं-बटणं केलेली बोटं होती ती. जिथं मुलाचा, सुधींद्रचा, हात अडायचा तिथं आईची करंगळी जायची. दुपारपर्यंत कंबर धरली, नाकातोंडात धूळ गेली, आणि नऊ मशीनं साफ होऊन ओळीत उभी राहिली.

दुकानावर अजून 'मुकुंद टेलर्स' हीच पाटी होती. तीन पिढ्यांचं शिवणकाम. पण तयार कपड्यांनी निम्मं गिऱ्हाईक नेलं, आणि दोन वर्षांपूर्वी मुकुंदरावांच्या हाताला कंप सुटला तेव्हा कात्री खाली ठेवावीच लागली. आता कापड बेतायच्या लांब टेबलावर कॉम्प्युटर मांडलेले असत. पाटीच्या खाली सुधींद्रनं कन्नडमध्ये एक छोटी पाटी लावली होती: इथं लिनक्स घातलेले कॉम्प्युटर मिळतात.

ही पाटी वाचून लोक आत येत आणि ऐकून बाहेर जात.

"विंडोज आहे काय?"

"नाही अण्णा, लिनक्स आहे. पत्र लिहा, हिशेब करा, सिनेमा बघा, सगळं होतंय. बसून बघा स्वल्प."

"म्हणजे विंडोज नाही?"

"पाहिजे असेल तर त्याची पावती आणा, घालून देतो."

"पावती कशाला? सगळे फुकट घालून देतात. तुम्हालाच काय झालंय?"

आणि माणूस पायऱ्या उतरून चालू लागे. कुणी हसे, कुणी कीव करी. एकानं तर जाताना मुकुंदरावांना सांगितलं, मुलाला एखाद्या बऱ्या डॉक्टरला दाखवा. तुंगाबाईंच्या मस्तकात तिडीक उठे. अरे, लिनक्स ही वस्तू करणाऱ्यांनीच सगळ्यांना वाटून टाकलेली, आणि ते विंडोज दुसऱ्याचं लाटलेलं. दोन्हींना फुकट म्हणायचं, आणि लाटलेली घातली नाही म्हणून आम्हालाच वेडं ठरवायचं!

सुधींद्रला हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. आठ वर्षं तो दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होता आणि दिवसाला दहा दहा मशीनांत ती चोरीची कॉपी घालत होता. एकदा एका निवृत्त मास्तरांच्या मशीनमध्ये घातली. त्या कॉपीबरोबर जो काही किडा आला त्यानं मास्तरांचं सगळं कुलूपबंद करून टाकलं, त्यांच्या वारलेल्या बायकोचे फोटोसुद्धा. मास्तर रोज येऊन दुकानात बसायचे. भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. सातव्या दिवशी सुधींद्र नोकरी सोडून घरी आला. असली कॉपी आपल्या हातानं पुन्हा नाही, एवढंच तो म्हणाला, आणि घरात कुणी जास्त विचारलं नाही.

तेव्हापासून घरातल्या तिघांनी मिळून हा धंदा आपल्या पद्धतीनं चालवला होता. मुकुंदरावांचा नियम होता की ट्रायल दिल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही. तोच मशीनला लावला. गिऱ्हाइकानं अर्धा तास बसायचं, स्वतःचं काम करून बघायचं, कुठं आवळतंय ते सांगायचं. मगच मशीन न्यायचं. अर्धी माणसं त्या अर्ध्या तासात कंटाळून पळत. जी बसत ती घेऊन जात.

इथल्या मराठी समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन नयना अशीच बसली होती. आली होती ब्लाउज घट्ट झाला म्हणून. तुंगाबाई शिवण उसवत होत्या तोवर ती मशीनवर बसली आणि वसतिगृहाच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता मराठीत करून उठली. पुढच्या आठवड्यात तीस मशीनांची मागणी आली. एकोणतीस मशीनं मुलींच्या हॉलमध्ये, एक सेक्रेटरींच्या खोलीत. एवढं मोठं काम या दुकानाला आजवर मिळालं नव्हतं. मुकुंदरावांनी त्या दिवशी कंप असलेल्या हातांनी स्वतः कॉफी करून सगळ्यांना दिली. निम्मी बशीत सांडली, पण दिली.

मग महिनाभर घरात दुसरं काही नव्हतं. सकाळी तुंगाबाई साफसफाई करत, दुपारी सुधींद्र सिस्टिम घाली, आणि मग दोन दिवस मशीन चालू ठेवून मुकुंदराव राखण करत बसत. कुठलं गरम होतंय, कुठलं कण्हतंय ते त्यांना आवाजावरून कळे. एका दुपारी तुंगाबाई मुलाच्या मागं उभ्या होत्या. पडद्यावर डिस्कची लांब पट्टी होती आणि सुधींद्र ती टोकापर्यंत भरत होता.

"हे सगळं कापड का लावतोस रे?"

"कापड नाही आई, जागा आहे ती. पाचशे जीबी."

"जागा असू दे. शेवटापर्यंत लावलास तर पुढं वाढवायचं कुठून? वाढत्या पोरी आहेत. माया नको काय सोडायला?"

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. शाळेचा युनिफॉर्म या घरातून मायेशिवाय कधी गेला नव्हता. पोरगी वाढली की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, तोच फ्रॉक आणखी दोन वर्षं चाले. सुधींद्र आधी हसला. मग त्यानं पट्टीकडं पाहिलं आणि त्याला वाटलं, आई वेडं काही बोलत नाहीये. अर्ध्या जागेत पोरींचं दोन वर्षं भागेल. उरलेली मोकळी ठेवली तर लागेल तेव्हा फाईल न हलवता वाढवून देता येईल. उद्या कुणी पैसे मोजून दुसरी सिस्टिम घेतली तर तीही शेजारी बसेल. त्यानं तिसांच्या तीस मशीनांवर अर्धी पट्टी कोरी सोडली. बिलावर लिहिलं, डिस्क पाचशे जीबी.

माया कुणी बिलात लिहीत नाही. त्यांनीही लिहिली नाही. अशी चूक फक्त शिंप्याच्याच घरात होते.

जून लागला, कॉलेजं उघडली, आणि एका सकाळी सेक्रेटरींनी बोलावणं पाठवलं. सेक्रेटरी त्रिविक्रमराव म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, समाजातल्या लग्नमुंजीत पहिल्या रांगेत बसणारा. तुंगाबाईंना वाटलं, आणखी काम देणार. त्या नवं लुगडं नेसल्या. इतकी साधी बाई.

खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीवर त्रिविक्रमराव, दुसरीवर कुणी एक हार्डवेअरवाला, कॉफी पीत. तिसरीवर त्याची पिशवी. ती पिशवी कुणी उचलली नाही, म्हणून मायलेक उभेच राहिले.

"दाखव रे यांना," त्रिविक्रमराव म्हणाले.

हार्डवेअरवाल्यानं पडदा फिरवला. "पाचशेची डिस्क म्हणून दिलीय. बघा काय लिहिलंय. दोनशे तीस."

"बिल पाचशेचं, माल निम्मा," त्रिविक्रमराव म्हणाले. "तीस मशीनांत. याला काय म्हणतात अक्का, तुम्हीच सांगा. मी चोरी म्हणतो."

दारात चारपाच मुली उभ्या होत्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि त्या सगळ्या ऐकत होत्या. सुधींद्र घाईघाईनं सांगू लागला, जागा आहे अण्णा, मोकळी सोडलीय, वाढवता येते. तो जितका समजावी तितका चोरासारखा दिसू लागला.

"अर्धी डिस्क कुणी मोकळी सोडतं काय?" हार्डवेअरवाला हसला. "मी वीस वर्षं या लाइनीत आहे."

"माझ्या सांगण्यावरून सोडली," तुंगाबाई म्हणाल्या.

"तुमच्या?" त्यानं त्यांच्याकडं लुगड्यापासून चपलेपर्यंत बघितलं आणि कॉफीचा घोट घेतला. पुढं काही बोललासुद्धा नाही. ते न बोलणं तुंगाबाईंना शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्रिविक्रमराव समजुतीच्या सुरात आले. "मला तमाशा नको. रविवारी समाजाची सभा आहे. तोवर या सगळ्यांत विंडोज घालून टाका, सगळे घालतात तसं. हे लिनक्स-बिनक्स काढा. मग मी डिस्कचं नाव काढत नाही. समाजाची आणखी दोन वसतिगृहं आहेत, तेही काम तुम्हालाच. नाहीतर रविवारी माईकवर नाव घेऊन सांगतो आणि तीसही मशीनं फुटपाथवर ठेवतो."

"पावतीसकट आणायचं म्हणता?" सुधींद्रनं विचारलं.

"तीस पावत्या? डोकं ठिकाणावर आहे काय?"

घरी आल्यावर तुंगाबाई पाय धुवायला मोरीत गेल्या आणि तिथंच, तांब्या हातात धरून, रडल्या. त्यांच्या पस्तीस वर्षांत या दुकानात गिऱ्हाइकाचं वीतभर कापड कधी मागं राहिलं नव्हतं. उरलेल्या चिंध्यासुद्धा कपड्याच्या खिशात घालून परत जात. आणि आज पोरींच्या देखत चोर. तेही आपल्याच शहाणपणामुळं.

बाहेर आल्या तर सुधींद्र टेबलाशी बसला होता. एक पेनड्राइव्ह मशीनला लावलेला.

"काय करतोस?"

"काही नाही."

"सुधी."

"कॉपी उतरवून घेतोय," तो मान वर न करता म्हणाला. "ती कॉपी. तीस मशीनं, दोन दिवसांचं काम. रविवारच्या आत होतंय."

"तू म्हणाला होतास, पुन्हा नाही."

"म्हणालो होतो. तेव्हा तुला कुणी चोर म्हटलं नव्हतं."

पोरगा स्वतःसाठी नव्हता वाकत, आईसाठी वाकत होता. तुंगाबाईंचा जीव क्षणभर विरघळला. होऊ दे झालं, कुणाला कळतंय, सगळे करतात, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगायचं, आलं होतं.

मुकुंदराव कोपऱ्यातून बोलले. त्यांचा आवाजही आता हातासारखा हलायचा. "तुंगा, ते मिलच्या मागल्या दारानं कापड येत होतं, आठवतं?"

"आठवतं की."

"निम्म्या भावात. सगळे घेत होते. मी घेतलं नाही, तर तू आठ दिवस बोलली नाहीस माझ्याशी."

"सुधीच्या शाळेची फी होती तेव्हा," तुंगाबाई म्हणाल्या.

"होती. भरली की आपण. उशिरा भरली, पण भरली." एवढं बोलून म्हातारा पुन्हा मशीनांचा आवाज ऐकत बसला.

तुंगाबाई सुधींद्रच्या शेजारी येऊन बसल्या. "चोर म्हटलं ते पुसायला चोरी करायची, हे काय डोक्याचं काम आहे रे? म्हणजे तो म्हणाला ते खरंच करून देतोस की तू. पूस ते सगळं. आपली सिस्टिम घाल त्यात. आणि माया कशी बाहेर काढायची ते मला शिकव."

"मी दाखवतो ना रविवारी. तू कशाला?"

"चूक माझी आहे. उसवणार मीच."

त्याला वाटलं, रागात बोलतेय, रात्री जेवून विसरेल. ती विसरणारी बाई नव्हती.

शुक्रवार आणि शनिवार तुंगाबाईंनी दुकानातल्या मशीनवर काढले. कीबोर्डवर नाही, माउसवर त्यांचं घोडं अडलं. साफसफाई केली ती मशीन बंद असताना. चालू मशीनवर त्या आजवर फक्त भजनं ऐकत. आता पट्टीचं टोक बाणानं धरायचं, दाबून ठेवायचं, सरळ ओढत न्यायचं, आणि मग बरोबरची खूण दाबायची. बाण निसटे. पट्टी मध्येच राही. चष्मा घामानं घसरे, मनगटातून कळ खांद्यापर्यंत जाई. एकदा त्यांनी भलतीच खूण दाबली आणि सुधींद्र ओरडला, "आई, नको!" तोवर त्या मशीनवरचं सगळं गेलं होतं.

"बघितलंस? रविवारी असं झालं तर?"

"झालं आता एकदा. कुठं दाबायचं नाही ते कळलं," त्या म्हणाल्या. "घाल पुन्हा."

त्यानं पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा ओढलं. पट्टी धरायची खूण म्हणून त्यांनी स्वतःला सांगितलं, हे कापड नाही, ही कापडावरची खडूची रेघ. तेव्हापासून हात बसला. शनिवारी संध्याकाळी सुधींद्रनं मोजलं, तर बावीस वेळा एकही चूक नाही. मुकुंदरावांनी तर ट्रायलला म्हणून एक फाईल आत ठेवली होती, घरातल्या जुन्या मापांची यादी. पट्टी वाढवल्यावर ती उघडून त्यांनी पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंत वाचली. एक आकडा हलला नव्हता.

"आयतु," मुकुंदराव म्हणाले. "झालं. नेऊ शकतेस."

रविवारी वसतिगृहाच्या हॉलमध्ये मंडळी जमली होती. मुलींचे आईबाप, समाजातली मोठी माणसं, मागं बिसीबेळेभाताची पातेली. भिंतीला लागून एकोणतीस मशीनं आणि मध्ये, स्टेजसमोर, एका टेबलावर त्रिविक्रमरावांचं तिसावं. पुरावा म्हणून ते त्यांनी मुद्दाम आणून ठेवलं होतं. बाजूला तो हार्डवेअरवाला, आजही पहिल्या रांगेत.

आभार, अहवाल, दिवा लावणं सगळं झाल्यावर त्रिविक्रमरावांनी माईक हातात घेतला. "एक वाईट गोष्ट सांगायची आहे," त्यांनी सुरुवात केली, "आपल्याच माणसांनी आपल्याला फसवलं."

"सांगायच्या आधी बघा तरी, अण्णा," तुंगाबाई मागून म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सगळ्या माना वळल्या. त्या चालत पुढं आल्या आणि कुणी खुर्ची द्यायची वाट न बघता त्या तिसाव्या मशीनसमोर स्वतः बसल्या.

"ही कोण?" कुणीतरी विचारलं.

"शिंपीण," त्या म्हणाल्या. "काजं-बटणं करते. नयनाताई, हे भिंतीवर मोठं दिसेल असं करा."

नयनानं प्रोजेक्टरची वायर जोडली. भिंतीवर ती लांब पट्टी उमटली, अर्धी रंगीत, अर्धी कोरी.

"हे माझ्यामुळं झालं," तुंगाबाई म्हणाल्या. "फ्रॉकमध्ये आम्ही माया सोडतो तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या कितीतरी बायकांचे फ्रॉक आमच्याकडचे आहेत. तशी यात सोडायला लावली. बिलात लिहायला पाहिजे होतं, लिहिलं नाही. तेवढी चूक माझी. पण कापड आतच आहे. आता काढून दाखवते. अण्णा, तुमच्या फाईली आहेत ना यात? त्याला हात लागणार नाही."

तुंगाबाईंनी माउस धरला. पहिल्यांदा बाण निसटला आणि हार्डवेअरवाला खाकरून हसला. दुसऱ्यांदा त्यांनी टोक पकडलं आणि ओढलं. भिंतीवर रंग सरकत गेला, सरकत गेला, टोकाला जाऊन भिडला. त्यांनी खूण दाबली. मिनिटभर काही झालं नाही. मग आकडा बदलला. दोनशे तीसाच्या जागी साडेचारशेच्या वर.

"पाचशे कुठं आहेत?" हार्डवेअरवाला ओरडला.

"थोडं सिस्टिम खाते, थोडं मोजण्यात जातं. कुठल्याही मशीनवर असंच दिसतं. तुम्ही तर वीस वर्षं लाइनीत आहात," सुधींद्र मागून म्हणाला. पहिल्यांदाच लोक हसले, आणि ते त्याला हसले नाहीत.

एक वडील उभे राहिले. प्राणेश नाव, मुलगी बी.कॉम.ला. "ते सगळं ठीक आहे अक्का. पण नोकरीत विंडोजच असतं. पोरगी उद्या अडली तर?"

हा प्रश्न खरा होता आणि तुंगाबाईंना तो आवडला. "अण्णा, मी पायाच्या मशीनवर शिकले. मग मोटारचं आलं. दोन दिवस सुई पळाली, मग बसली. लिहायचं, हिशेबाचं, ते इथं शिकलं तर तिथं येतंय. तरी पाहिजेच असेल तर पैसे देऊन घ्या, पावती आणा, सुधी शेजारी घालून देईल. बाकी एकोणतीस मशीनांत जागा अजून तशीच ठेवलीय."

प्राणेशची मुलगी रक्षिता भिंतीशी उभी होती. "अप्पा, माझा प्रोजेक्ट यावरच केला की मी," ती म्हणाली. "बावीस पानं. सुम्ने, उगाच काळजी करता."

वारं फिरलं ते त्रिविक्रमरावांनाही कळलं. ते मोठ्या मनानं हसले, माईक स्टँडवर लावला आणि टेबलाशी वाकून, फक्त तुंगाबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरी, सरी. मिटलं म्हणा. मुलींची राहू द्या तशीच. माझ्या या एकट्यावर तेवढं विंडोज घालून द्या. मला सवय आहे त्याची. कुणाला कळतंय? ती दोन वसतिगृहं मी उद्याच बोलतो."

"आधी मला चोर म्हणालात ते मागं घ्या. पोरींसमोर म्हणालात, पोरींसमोरच घ्या."

"आता कशाला ते उकरायचं? झालं ना."

तुंगाबाईंनी मुलाकडं बघितलं. दोन वसतिगृहं म्हणजे वर्षाचं काम. आणखी साठ मशीनं, धुळीनं भरलेली, आणि त्यांची कंबर. सुधींद्रनं सगळं ऐकलं होतं. त्याची मान हलली. नाही अशी हलली.

त्या उठल्या, माईकशी गेल्या. माईक त्यांच्या उंचीला फार वर होता, म्हणून त्यांनी तो वाकवला.

"सेक्रेटरी अण्णा मला चोर म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी, त्यांच्या खोलीत. या मुलींनी ऐकलंय. आता तेच अण्णा मला हळूच सांगतायत, माझ्या मशीनवर चोरीची कॉपी घालून दे, कुणाला कळतंय. म्हणून मी सगळ्यांना कळवतेय."

मागं पातेल्याजवळ कुणाच्या तरी हातातून पळी पडली. मुलींच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, कुणीतरी तिला दटावलं, आणि तिनं आणखी जोरात वाजवली.

तुंगाबाईंना टाळ्यांशी घेणं नव्हतं. त्या टेबलाशी परत आल्या. "अण्णा, तुमच्या फाईली उतरवून घ्या. सुधी थांबेल. हे तिसावं मी नेते. याचे पैसे उद्या सकाळी पोचतील. बाकीची एकोणतीस मुलींची आहेत, त्यांना हात लावायचा असेल तर आधी त्यांना विचारा."

फाईली उतरायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं त्या तिथं उभ्या राहिल्या, शेजारी तीन रिकाम्या खुर्च्या होत्या तरी. मग सुधींद्रनं पडदा उचलला, मशीन त्यांनी स्वतः उचललं. जड होतं. नयनानं दार धरलं. मागं बिसीबेळेभात वाढायला सुरुवात झाली होती आणि त्यांना जेवून जा असं कुणी म्हटलं नाही. भूक लागली होती, हे रस्त्यावर आल्यावर कळलं.

पहिल्या दोन ऑटो थांबल्या नाहीत. तिसरी थांबली. तुंगाबाई मशीन मांडीवर घेऊन बसल्या, त्याची कड पोटात रुतत होती. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

"काय अक्का, बिघडलं काय?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे, म्हणून परत नेतोय."